फँटसी बेसबॉल: निम्म्या हंगामात ड्राफ्टचा हिशेब कसा मांडायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फँटसी बेसबॉलमध्ये मार्चमध्ये खऱ्या खेळाडूंची आळीपाळीने निवड, म्हणजे ड्राफ्ट, करून प्रत्येक जण आपला संघ बांधतो आणि हंगामभर त्या खेळाडूंच्या खऱ्या आकड्यांवर गुण मिळवतो. जून संपत आला की प्रत्येक लीगच्या ग्रुपवर एकच विषय असतो: कोणाचा ड्राफ्ट फसला आणि कोणाचं नशीब फळफळलं. न्यू जर्सी, बे एरिया, डॅलसच्या ऑफिसांतून या खेळात ओढली गेलेली मराठी मंडळी या दिवसांत जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणं २०२४ आणि २०२५ च्या मेजर लीग हंगामांतली घेतली आहेत. ते हंगाम संपले असल्यामुळे अर्ध्यावर काय दिसत होतं आणि शेवटी काय झालं, हे दोन्ही ताडून पाहता येतं. वेगळं सांगितलं नसेल तिथे १२ संघांची, स्नेक ड्राफ्टची (दर फेरीला निवडीचा क्रम उलटतो), पाच-बाय-पाच रोटिसरी लीग धरून चाला: बॅटिंगचे पाच प्रकार (होमरन, रन, आरबीआय, स्टील, ॲव्हरेज), पिचिंगचे पाच (विजय, सेव्ह, स्ट्राइकआउट, ईआरए, व्हिप), आणि प्रत्येक प्रकारात संघांच्या क्रमानुसार गुण.

अर्धा हंगाम नेमका कधी धरायचा? ऑल-स्टार ब्रेकला?

नाही, त्याच्या आधी. १६२ सामन्यांचा अर्धा म्हणजे ८१, आणि तो टप्पा बहुतेक संघ जूनच्या अखेरीस गाठतात. ऑल-स्टार सामना, म्हणजे निवडक खेळाडूंचा प्रदर्शनी सामना, जुलैच्या मध्यात होतो, तोवर संघांचे साधारण ९५ सामने झालेले असतात. म्हणजे ब्रेकला हिशेब मांडायला बसलात तर हातात जेमतेम ४० टक्के हंगाम उरतो. होमरन, रन, आरबीआय (आपल्या फटक्यावर झालेले रन), स्टील (चोरलेले बेस) या मोजणीच्या प्रकारांत मागे असलेल्याला हे दोन आठवडे फार महाग पडतात. हिशेब जूनच्या शेवटच्या आठवड्यात करा आणि ब्रेकच्या तीन-चार दिवसांत ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, बोलणी करा. तेव्हा सामने नसल्यामुळे सगळेच फोन उचलतात.

‘ड्राफ्टचं मूल्यमापन’ म्हणजे नक्की काय तपासायचं?

दोन वह्या वेगळ्या ठेवा. पहिल्या वहीत एकच प्रश्न: मार्चमध्ये जेवढं माहीत होतं, तेवढ्यावर ही निवड बरोबर होती का? दुसऱ्या वहीतही एकच: आजपासून सप्टेंबरअखेरपर्यंत हा खेळाडू मला काय देणार?

पहिली वही पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टसाठी आहे, दुसरी उद्याच्या लाइनअपसाठी, म्हणजे कोणाला खेळवायचं आणि कोणाला बसवायचं यासाठी. बहुतेकांचा गोंधळ होतो तो या दोन्ही एकत्र केल्यामुळे. ‘दुसऱ्या फेरीत घेतलाय, बसवू कसा?’ हे वाक्य प्रत्येक लीगमध्ये ऐकू येतं. त्यात पहिल्या वहीतली किंमत दुसऱ्या वहीत शिरलेली असते. मार्चमध्ये मोजलेली किंमत परत मिळत नाही. तो आता दुसऱ्या फेरीचा खेळाडू नाही, जुलैमध्ये जसा आहे तसा खेळाडू आहे. इथलं बाकी सगळं या एका गोष्टीतून निघतं.

ज्याला दुखापत झाली, ती निवड चुकली असं म्हणायचं का?

सरसकट नाही. इथे पहिली वही नीट उघडून पाहावी लागते.

२०२४ मध्ये जवळपास प्रत्येक ड्राफ्टचा पहिला खेळाडू होता अटलांटाचा रोनाल्ड अकुन्या ज्युनियर. आदल्या वर्षी त्याने ४१ होमरन मारले होते आणि ७३ बेस चोरले होते. २६ मे रोजी पिट्सबर्गमध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटला आणि हंगाम ४९ सामन्यांत संपला: ४ होमरन, १६ स्टील, ॲव्हरेज (फटक्याच्या संधींमागे हिटचं प्रमाण) .२५०. मार्चमध्ये त्याच्या गुडघ्याची चर्चा होतीच, पण ती उजव्या गुडघ्याची. मे महिन्यात गेला तो दुसराच गुडघा. ज्यांनी त्याला पहिला घेतला त्यांचा हंगाम बुडाला, पण निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही.

त्याच संघाच्या स्पेन्सर स्ट्रायडरचं प्रकरण वेगळं. २०२३ मध्ये २० विजय आणि २८१ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), त्यामुळे २०२४ च्या ड्राफ्टमध्ये तो पिचरांत सगळ्यांत आधी गेला, अनेक लीगमध्ये पहिल्याच फेरीत. दोन सामने टाकले आणि एप्रिलमध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली. त्याच्या कोपरावर कॉलेजात असताना, २०१९ मध्ये, टॉमी जॉन ही अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेली होती. पूर्ण ताकदीने टाकणाऱ्या पिचरचं कोपर ही खेळातली सगळ्यांत नाजूक वस्तू, आणि तिच्यावर पहिली फेरी लावणं हा जाणूनबुजून घेतलेला धोका होता. धोका घ्यायला हरकत नाही. पण त्याला निव्वळ दुर्दैव म्हटलं तर पुढच्या मार्चमध्ये तीच निवड पुन्हा होते.

गंमत अशी की त्याच अटलांटात त्याच वर्षी ख्रिस सेलही होता. वय ३५, टॉमी जॉन होऊन गेलेली, मागची काही वर्षं दुखापतींत गेलेली. तो बराच उशिरा गेला आणि त्याने नॅशनल लीगचा पिचिंग ट्रिपल क्राउन, म्हणजे तिन्ही आकड्यांत पहिला क्रमांक, मिळवला: १८ विजय, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले अर्न्ड रन) २.३८, २२५ स्ट्राइकआउट. धोका तोच, किंमत वेगळी. पहिल्या वहीत तपासायचं ते हेच: धोका होता की नव्हता यापेक्षा, त्या धोक्यासाठी काय मोजलं.

पहिल्या-दुसऱ्या फेरीचा बॅटर जूनअखेरही झोपलेलाच आहे. सोडून देऊ?

सोडू नका, आणि आंधळेपणाने वाटही पाहू नका. आधी बघा तो कशात झोपलाय.

२०२४ चा कॉर्बिन कॅरल घ्या. आदल्या वर्षी २५ होमरन आणि ५४ स्टील करून रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवोदित) झालेला, म्हणून पहिल्या फेरीत गेलेला. ऑल-स्टार ब्रेकला त्याच्या नावावर फक्त ५ होमरन होते आणि ॲव्हरेज .२१२. त्या वेळी खोलात पाहिलं तर चित्र असं होतं: फटक्यांतला जोर खरोखर कमी झाला होता, त्यामुळे सगळा दोष नशिबावर टाकता येत नव्हता. पण तो रोज खेळत होता, स्ट्राइकआउटचं प्रमाण हाताबाहेर गेलं नव्हतं, वॉक (चार बाहेरच्या चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस) मिळवत होता आणि पाय शाबूत होते. म्हणजे शरीर आणि नजर दोन्ही जागेवर, बिघाड फक्त स्विंगमध्ये. असा बिघाड दुरुस्त होऊ शकतो, आणि झाला. ब्रेकनंतर १७ होमरन. हंगामाअखेर २२ होमरन, ३५ स्टील आणि १२१ रन. ज्याने जूनमध्ये त्याला पडत्या भावात पदरात पाडून घेतलं, त्याला त्या वर्षीचा सगळ्यांत चांगला सौदा मिळाला.

फ्रान्सिस्को लिंडोरही त्याच वर्षी मेच्या मध्यापर्यंत .२०० च्या खाली होता. मेट्सने त्याला बॅटिंग ऑर्डरमध्ये पहिल्या क्रमांकावर आणलं, आणि वर्ष संपलं ते ३३ होमरन, २९ स्टील, १०७ रन आणि एमव्हीपीच्या (सर्वोत्तम खेळाडूच्या) मतदानात दुसरा क्रमांक असं. २०२५ मध्ये हुआन सोटो एप्रिल-मेमध्ये इतका थंड होता की ७६५ दशलक्ष डॉलरच्या करारावरून न्यूयॉर्कची वर्तमानपत्रं त्याच्या मागे लागली होती. त्याचे शेवटचे आकडे ४३ होमरन आणि ३८ स्टील. त्याआधी एका हंगामात त्याने १२ हून जास्त बेस कधीच चोरले नव्हते.

तपासायचा क्रम माझा असा: रोज खेळतोय का, ऑर्डरमध्ये कुठे खेळतोय, स्ट्राइकआउट वाढलेत का, ताशी ९५ मैलांवरचे फटके किती, आणि धावण्याचा वेग टिकलाय का. शेवटचे दोन आकडे स्टॅटकास्टवर, म्हणजे मेजर लीगच्या मोजमाप यंत्रणेवर, फुकट मिळतात. पाचांपैकी तीन ठीक असतील तर थांबा. वेग आणि फटक्याचा जोर दोन्ही एकदम पडले असतील तर बहुधा तो दुखापत लपवून खेळतोय. तेव्हा ट्रेडमध्ये मिळेल ते घ्या.

तीन महिन्यांचं ॲव्हरेज खोटं कसं असू शकतं?

खोटं नसतं, पण अपुरं असतं. साधं गणित करून बघा. जूनअखेर रोज खेळणाऱ्या बॅटरच्या साधारण ३०० ॲट-बॅट (फटक्याच्या संधी) झालेल्या असतात. .२५० म्हणजे ७५ हिट, .२८० म्हणजे ८४. तुम्ही ज्याला ‘फुकट गेला’ म्हणताय आणि ज्याला ‘डोळे झाकून ठेवा’ म्हणताय, त्यांच्यात तीन महिन्यांत अवघ्या नऊ हिटचा फरक आहे. दहा दिवसांत एक. तो एक चेंडू शॉर्टस्टॉपच्या हातमोज्यात गेला की त्याच्या वरून गेला, एवढंच.

बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक रसेल कार्लटन यांनी कोणता आकडा किती संधींनंतर भरवशाचा होऊ लागतो, याचा अभ्यास केला. त्यात बॅटरचं स्ट्राइकआउटचं प्रमाण सुमारे ६० प्लेट अपिअरन्सनंतर (वॉक धरून बॅटिंगच्या सगळ्या संधी), वॉकचं १२० नंतर आणि होमरनचं १७० च्या आसपास बोलू लागतं. मैदानात पडलेल्या चेंडूंवरचं ॲव्हरेज, म्हणजे बॅबिप, त्याला मात्र ८०० हून जास्त चेंडू लागतात. एका पूर्ण हंगामातही ते भरत नाहीत. म्हणून जूनअखेर स्ट्राइकआउट आणि वॉकवर विश्वास ठेवा, ॲव्हरेजवर बेतानेच. लीगचा बॅबिप .२९० ते .३०० च्या दरम्यान असतो. तुमच्या खेळाडूचा .२३० असेल तर आधी त्याचा स्वतःचा जुना बॅबिप काढा. वेगाने पळणाऱ्यांचा नेहमीच जास्त असतो, आणि सगळे चेंडू आकाशात मारणाऱ्यांचा कमी. प्रत्येकाला .३०० वर आणून बसवणं ही सुद्धा चूकच.

पिचरसाठी काय बघायचं?

ईआरए शेवटी बघा.

समजा तुमच्या पिचरने १०० इनिंग टाकल्या आणि ४० अर्न्ड रन दिले. ईआरए ३.६०, म्हणजे बेताचा. आता त्यातला एक सामना असा की दोन इनिंगमध्ये ८ रन. तो बाजूला ठेवला तर उरलेल्या ९८ इनिंगमध्ये ३२ रन, ईआरए २.९४. एका वाईट संध्याकाळने पूर्ण मोहऱ्याचा प्यादा करून टाकला. ते रन तुमच्या लीगच्या तक्त्यातून पुसले जाणार नाहीत, पण पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज त्या एका संध्याकाळीवर बांधू नका.

मी पाहतो ते स्ट्राइकआउटच्या टक्क्यांतून वॉकचे टक्के वजा केलेला आकडा. २० च्या वर असेल तर ईआरए काहीही असो, पिचर उत्तम आहे. १० च्या खाली असेल तर २.८० चा ईआरए सुद्धा उसना आहे. सोबत फिप बघा, कारण तो फक्त होमरन, वॉक, हिट-बाय-पिच आणि स्ट्राइकआउट मोजतो, फिल्डरांवर अवलंबून राहत नाही. बेसवर आलेल्यांपैकी किती जण स्कोअर न करता राहिले, त्याचं प्रमाण साधारण ७२ टक्क्यांच्या आसपास असतं. ज्याचं ८५ वर गेलंय त्याला आजच विकायला काढा.

विजय विसरा, ते संघाच्या बॅटिंगवर आणि बुलपेनवर (मागाहून येणाऱ्या पिचरांवर) ठरतात. फास्टबॉलचा वेग मात्र विसरू नका. एप्रिलपेक्षा जूनमध्ये दीड-दोन मैल कमी झाला असेल तर ती कोपराची किंवा खांद्याची पहिली खूण असू शकते. उन्हाळ्यात वेग वाढायला हवा, घटायला नको.

शेवटच्या फेऱ्यांत घेतलेला खेळाडू तुफान चाललाय. विकू की ठेवू?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि त्याला एकच उत्तर नाही. २०२५ मधले तीन खेळाडू शेजारी ठेवा.

शिकागो कब्जच्या पीट क्रो-आर्मस्ट्राँगने ब्रेकपर्यंत २५ होमरन आणि २७ स्टील केले होते. वर्षाचे एकूण आकडे ३१ आणि ३५. म्हणजे ब्रेकनंतर फक्त सहा होमरन. वॉशिंग्टनच्या जेम्स वुडचे ब्रेकपर्यंत २४, अखेर ३१. आणि सिॲटलचा कॅचर कॅल रॉली: ब्रेकपर्यंत ३८, अखेर ६०.

तिघेही जूनमध्ये अंगापेक्षा बोंगा मोठा वाटावेत असे खेळत होते. मग फरक आधी ओळखता आला असता का? काही अंशी हो. क्रो-आर्मस्ट्राँग वॉक फार थोडे घेतो आणि झोनबाहेरच्या चेंडूंना हात घालण्याची त्याची सवय लीगमध्ये अगदी वरच्या क्रमांकाची. पिचरांनी आत चेंडू टाकायचं बंद केलं की अशा बॅटरचे दिवस फिरतात. वुडचे स्ट्राइकआउट आधीपासूनच जास्त होते. रॉलीचा वेगही कमी झालाच, ३८ नंतर २२, पण दुसऱ्या सहामाहीत २२ होमरन देणारा कॅचर सुद्धा बाकीच्या कॅचरांच्या फार पुढे असतो. त्याला ‘आता उतरणार’ म्हणून विकणाऱ्याचा अंदाज बरोबर ठरला आणि तरी सौदा तोट्याचा झाला.

यातून निघतं ते असं: विकण्याआधी ‘तो उतरेल का’ हे विचारू नका. उतरणारच आहे, सगळेच उतरतात. ‘उतरल्यावर त्याच्या जागेवर मला काय मिळेल’ हे विचारा. आऊटफिल्डर वेव्हरवर (कोणाच्याच संघात नसलेल्यांच्या यादीत) मिळतो, कॅचर मिळत नाही. आणि २०२४ चा बॉस्टनचा जॅरन ड्युरॅन लक्षात ठेवा. तो ऑल-स्टार सामन्याचा एमव्हीपी झाला तेव्हा अनेकांनी त्याला विकायची घाई केली. वर्षअखेर त्याच्याकडे २१ होमरन, ३४ स्टील आणि .२८५ होते. रोज पहिल्या क्रमांकावर खेळणारा आणि पळणारा माणूस शिखरावर आहे म्हणून विकायचा नसतो.

एकेका निवडीला गुण द्यायचे तर तुलना कोणाशी?

त्या फेरीनंतर गेलेल्या सगळ्यांत यशस्वी खेळाडूशी तर मुळीच नाही. ‘मी चौथ्या फेरीत याला घेतलं आणि रॉली किती नंतर गेला!’ ही वरातीमागून घोडी नाचवण्याची तऱ्हा आहे.

ड्राफ्टचा तक्ता उघडा. तुमच्या निवडीच्या पुढचे-मागचे मिळून आठ-दहा खेळाडू घ्या, शक्यतो ज्यांचा तुम्ही त्या क्षणी खरोखर विचार केला होता ते. त्यांच्या आजच्या आकड्यांत तुमचा खेळाडू मधल्यापेक्षा वर आहे का? असेल तर निवड पास. सातव्या-आठव्या फेरीनंतर निम्म्या निवडी नापास होणं अगदी सामान्य आहे, आणि पंधराव्यानंतर चारांतली एक जमली तरी ड्राफ्ट चांगला म्हणायचा. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे. पण लीगमधल्या इतरांचेही तक्ते असेच लावून पाहिलेत तर स्वतःवरचा राग बराच निवळतो.

माझा संघ पहिला आहे, म्हणजे ड्राफ्ट चांगला झाला ना?

नसेलही. तुमच्या गुणांपैकी किती गुण ड्राफ्ट केलेल्या खेळाडूंनी आणले आणि किती वेव्हरवरच्यांनी, ते वेगळं काढा. वेव्हरवर पैसे लावून घेतलेला एखादा क्लोझर (आघाडी राखायला शेवटची इनिंग टाकणारा पिचर) आणि मेमध्ये वर आलेला एखादा रूकी मिळून अख्खा संघ वर नेतात. तसं असेल तर तुमचं कौशल्य हंगामातल्या देखरेखीत आहे. पुढच्या मार्चमध्ये बेंचवर एक जागा मोकळी ठेवा आणि वेव्हरचं बजेट जपून वापरा.

क्लोझरवर लावलेल्या फेऱ्यांचं काय?

सेव्ह, म्हणजे आघाडी राखून सामना संपवल्याची नोंद, हे खेळाडूपेक्षा त्याच्या जागेवर मिळतात, आणि ती जागा जुलैअखेरच्या ट्रेड डेडलाइनला हलते. २०२५ च्या डेडलाइनला तीन मोठे क्लोझर हलले. जोआन ड्युरान मिनेसोटातून फिलाडेल्फियाला गेला आणि तिथेही नवव्या इनिंगचा मालक झाला. मेसन मिलर सॅन डिएगोला गेला, तिथे रॉबर्ट सुआरेझ होता. रायन हेल्सली सेंट लुईसहून मेट्सकडे गेला, तिथे एडविन डियाझ होता. तिघांच्या हातात तेवढाच जोर, पण तिघांपैकी एकाच मालकाचे सेव्ह चालू राहिले.

म्हणून जूनअखेर आपल्या क्लोझरचा ईआरए बघण्याआधी त्याचा संघ कितव्या स्थानावर आहे ते बघा. संघ तळाला, करार संपत आलेला आणि क्लोझर चांगला, अशी तिन्ही लक्षणं जुळली तर त्याला आत्ताच विका, किंवा त्याच्या मागे उभा असलेला सेटअप पिचर फुकटात उचलून ठेवा. दुसरा मार्ग स्वस्त आहे.

गुणतक्त्यात माझ्या निवडींची किंमत कशी काढायची?

प्रकारानुसार अंतरं मोजून. समजा स्टीलमध्ये तुम्ही नववे आहात, पण तुमच्या पुढचे तीन संघ मिळून चार बेसच्या आत आहेत. तिथे एक पळणारा खेळाडू तीन गुण आणतो. आणि होमरनमध्ये तुम्ही दुसरे आहात, वर २५ चं अंतर, खाली ३० चं. तिथे तुमचा १८ होमरनवाला फर्स्ट बेसमन आता शून्य गुण आणतो. ड्राफ्टच्या दिवशी त्याची किंमत कितीही असो, तुमच्या संघात आज तो विकण्याचा माल आहे. २०२३ पासून बेस मोठे झाले आणि पिचरने बेसवरच्या धावपटूकडे चेंडू फेकण्यावर मर्यादा आली. २०२२ मध्ये अख्ख्या मेजर लीगमध्ये २,४८६ स्टील झाले होते, २०२३ मध्ये ३,५०३. त्यामुळे मधल्या खेळाडूंकडेही आता दहा-पंधरा स्टील असतात आणि ही दरी ट्रेडने भरून काढणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे.

ॲव्हरेज, ईआरए, व्हिप (दर इनिंगमागे दिलेले वॉक आणि हिट) यांचं गणित वेगळं. निम्मा हंगाम .२५५ ने गेला असेल तर .२६५ वर संपवायला पुढचा निम्मा .२७५ ने खेळावा लागतो. सगळ्या संघाला. एका खेळाडूने ते होत नाही. तिथे दोन-चार पायऱ्या चढायच्या असतील तर चार जागा बदलाव्या लागतील, नाहीतर तो प्रकार तसाच सोडून बाकीच्या नऊंवर लक्ष द्यावं. पिचिंगमध्ये लीगला इनिंगची मर्यादा असेल, अनेक ठिकाणी ती १,४०० असते, तर किती संपल्या ते बघा. आघाडीवर असताना ८०० संपल्या असतील तर ती आघाडी निम्मी उधारीची आहे.

मैदान आणि वेळापत्रकाने फरक पडतो का?

पडतो. २०२५ मध्ये टँपा बेचा संघ स्वतःच्या स्टेडियमचं छप्पर उडाल्यामुळे स्टाइनब्रेनर फील्डवर खेळला. फ्लोरिडातला उन्हाळी पाऊस टाळायला त्यांचे घरचे सामने सुरुवातीला जास्त आणि जुलै-ऑगस्टमध्ये फारच कमी ठेवले होते. म्हणजे त्यांच्या बॅटरांचे जूनअखेरचे आकडे घरच्या मैदानाकडे झुकलेले होते. कोलोरॅडोच्या खेळाडूंचं तर, डेन्व्हरच्या विरळ हवेत चेंडू लांब जात असल्यामुळे, दरवर्षीच बघावं लागतं: आत्तापर्यंत डेन्व्हरला किती आणि बाहेर किती.

ऑक्शन लीगमध्ये हिशेब बदलतो का?

पद्धत तीच, फक्त फेरीऐवजी लिलावातले डॉलर. २६० डॉलरमध्ये २३ खेळाडू, म्हणजे सरासरी ११ डॉलरच्या थोडं वर. ३५ डॉलरचा खेळाडू २० डॉलरचं खेळतोय आणि १ डॉलरचा १६ डॉलरचं, तर तुम्ही एकूण बरोबरीत आहात. अख्ख्या संघाची बेरीज करा, एकेकावर चिडू नका.

कीपर आणि डायनॅस्टीत?

तिथे काही किंवा सगळे खेळाडू पुढच्या वर्षीही तुमच्याकडे राहतात, म्हणून जूनचा निकाल देऊच नका, विशेषतः विशीतल्या खेळाडूंचा. मिलवॉकीचा जॅक्सन चुरिओ २०२४ मध्ये विसाव्या वर्षी आला आणि जूनच्या सुरुवातीला त्याचं ॲव्हरेज .२१० च्या आसपास होतं. अनेकांनी त्याला साध्या लीगमध्ये सोडलं, ते समजण्यासारखं आहे. पण कीपर लीगमध्येही काहींनी दिला. वर्ष संपलं तेव्हा .२७५, २१ होमरन, २२ स्टील. तुमचा संघ शर्यतीत नसेल तर जून हा अशाच खेळाडूंच्या मालकांना फोन करायचा महिना.

हेड-टू-हेड लीग आहे. मग?

तिथे दर आठवड्याला एकाच संघाशी लढत असते, मग मागचे तीन महिने गुणतक्त्यापुरते उरतात, शेवट सप्टेंबरच्या प्लेऑफमध्ये ठरतो. इथे दुखापतीतून परतणाऱ्यांची किंमत रोटोपेक्षा (रोटिसरीपेक्षा) जास्त. २०२४ मध्ये पिचर गेरिट कोल कोपरामुळे सुरुवातीपासून बाहेर होता आणि १९ जूनला परतला. रोटोमध्ये त्याने निम्मं वर्ष दिलं. हेड-टू-हेडमध्ये ज्याने आयएलची (दुखापतग्रस्तांसाठीची) जागा अडवून त्याला सांभाळलं, त्याला प्लेऑफसाठी ताजा एस, म्हणजे अव्वल पिचर, मिळाला.

मार्चच्या फेरीपेक्षा कमी किमतीत द्यायला मन धजत नाही. ट्रेड कसा मांडू?

फेरीचा उल्लेखच करू नका. समोरच्याच्या तक्त्यात कुठल्या प्रकारात अंतर कमी आहे ते आधी शोधा आणि त्याच्या भाषेत बोला: ‘तुला सेव्हमध्ये दोन गुण आहेत, मला स्टीलमध्ये तीन.’ पहिली ऑफर अशी द्या की तो रागावणार नाही. बुडणारा माल गळ्यात मारायला बघतोय असं एकदा वाटलं की त्या लीगमध्ये वर्षानुवर्षं कोणी नीट बोलत नाही.

मी अकराव्या स्थानावर आहे. लाइनअप लावणं थांबवलं तर चालेल?

चालणार नाही, आणि हे मला मनापासून सांगायचं आहे. तुमच्या, म्हणजे मागे पडलेल्या, संघाचे होमरन आणि सेव्ह वरच्या चौघांचे गुण ठरवतात. तुम्ही जुलैत थांबलात की तुम्हाला कष्टाने ओलांडणाऱ्याचा गुण आणि फुकटात ओलांडणाऱ्याचा गुण सारखाच होतो. डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या ला रोटिसरी फ्रान्सेझ या रेस्टॉरंटच्या नावाने हा खेळ सुरू केला तेव्हा प्रकार आठच होते, रन आणि स्ट्राइकआउट नंतर आले. पण खेळाचा कणा तेव्हापासून तोच आहे: सहा महिने, रोज, सगळ्यांनी.

हे ड्रीम इलेव्हनसारखंच आहे का? आणि भारतातून खेळता येतं का?

सारखं नाही. तिथे एका सामन्यापुरता संघ असायचा. इथे एक खेळाडू एकाच मालकाचा, आणि तोही हंगामभर. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला आणि मुंबईच्या ड्रीम इलेव्हनने सशुल्क स्पर्धा बंद केल्या, तेव्हा भारतातून खेळणार असाल तर बिनपैशाची लीगच घ्या.

अडचण वेळेची. न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७:०५ चा सामना पुण्यात पहाटे ४:३५ ला सुरू होतो, कॅलिफोर्नियाचा ७:१० चा सकाळी ७:४० ला. संघ आपली अधिकृत ऑर्डर सामन्याच्या तीन-चार तास आधी जाहीर करतात, म्हणजे आपल्या मध्यरात्रीनंतर. त्यामुळे रोज लाइनअप बदलणाऱ्या लीगपेक्षा आठवड्यातून एकदा, सोमवारी कुलूप लागणारी लीग निवडा. तशा लीगमध्ये रविवारी रात्री १०:३० च्या सुमारास, पूर्वेकडचे दुपारचे सामने सुरू होत असताना, सगळा संघ शांतपणे लावून झोपता येतं.